जंतुनाशकांचा वापर आणि औषधप्रतिरोध

जंतुनाशकांचा वापर आणि औषधप्रतिरोध यांचा परस्परसंबंध हा सूक्ष्मजीवशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही क्षेत्रांत अभ्यासला जाणारा प्रश्न आहे. फरशी, हात, शस्त्रक्रियेची उपकरणे, पिण्याचे पाणी इत्यादींवरील रोगजंतूंचा नाश करण्यासाठी रसायने वापरली जातात. ही रसायने अपुऱ्या प्रमाणात पोहोचली, तर काही जंतू त्यांतून वाचतात. अशा वाचलेल्या जंतूंमध्ये त्या रसायनाबरोबरच काही प्रतिजैविक औषधांनाही दाद न देण्याची क्षमता वाढू शकते, असे प्रयोगशाळेतील अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. दैनंदिन व्यवहारात हा परिणाम किती मोठा आहे, याविषयी मात्र संशोधकांत एकमत नाही.

औषधप्रतिरोध ही जगापुढील गंभीर आरोग्यसमस्या आहे. २०२२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. या समस्येचे प्रमुख कारण प्रतिजैविकांचा अनावश्यक आणि अपुरा वापर हेच मानले जाते. जंतुनाशकांचा वाटा त्याहून लहान असला, तरी रुग्णालये, कारखाने आणि घरे यांतून त्यांचा वापर अखंड होत असल्यामुळे त्याकडे स्वतंत्रपणे पाहिले जाते. जंतुनाशके टाकून द्यावीत, असा या अभ्यासांचा निष्कर्ष नाही. कोणते रसायन, कोठे, किती प्रमाणात आणि किती वेळ वापरावे, हा यातील मुख्य प्रश्न आहे.

संज्ञा

निर्जीव पृष्ठभागांवरील जंतूंचा नाश करणाऱ्या रसायनास जंतुनाशक म्हणतात. फिनाईल, ब्लीचिंग पावडर आणि सोडियम हायपोक्लोराइट ही त्याची परिचित उदाहरणे होत. त्वचा किंवा जखम यांवर लावता येण्याजोग्या सौम्य जंतुनाशकास पूतिरोधक म्हणतात, उदा., पोव्हिडोन आयोडीन. शरीरात घेतल्यावर रुग्णाला इजा न करता जिवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ थांबवणाऱ्या औषधास प्रतिजैविक म्हणतात. पेनिसिलीन व सिप्रोफ्लॉक्सॅसीन ही औषधे या गटात मोडतात.

‘सहनशीलता’ आणि ‘प्रतिरोध’ या दोन शब्दांतही भेद केला जातो. एखादा जिवाणू रसायनाच्या संपर्कात पूर्वीपेक्षा अधिक काळ किंवा अधिक संख्येने टिकत असेल, तर त्यास सहनशील म्हणतात. ज्या संहतीत, म्हणजे विद्रावातील ज्या प्रमाणात, त्याची वाढ एरवी थांबली असती, त्या संहतीतही तो वाढू लागला तर त्यास प्रतिरोधी म्हणतात. जंतुनाशकांविषयीच्या लेखनात हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात आणि त्यामुळे गैरसमज निर्माण होतात.

इतिहास

१८४७ मध्ये व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्यानंतर काही महिन्यांतच बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून सुमारे २ टक्क्यांपर्यंत खाली आले. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी शस्त्रक्रियेत कार्बॉलिक आम्ल वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. जंतुसंसर्ग रोखण्याचा रासायनिक उपाय म्हणजे जंतुनाशके, असेच समीकरण होते.

भारतात मोठ्या प्रमाणावर जंतुनाशके वापरण्याचा एक आरंभीचा प्रसंग म्हणजे १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली प्लेगची साथ होय. घरे, गटारे व रस्ते कार्बॉलिक आम्लाने धुण्यात आले आणि भिंतींना चुना लावण्यात आला. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. संसर्गाचा मार्ग ठाऊक नसताना केलेली फवारणी साथ रोखू शकली नाही. याची पुनरावृत्ती पुढे सव्वाशे वर्षांनी वेगळ्या रूपात झाली.

१९३५ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञांनी त्या वर्षी प्रोंटोसिल या पहिल्या सल्फा औषधाचे गुण प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी बेंझाल्कोनियम क्लोराइड या क्वाटर्नरी अमोनियम संयुगाची जंतुनाशक शक्तीही मांडली. पुढे या दोन्ही गटांविरुद्धचे प्रतिरोधी जनुक जिवाणूंच्या एकाच जनुकीय तुकड्यावर शेजारी शेजारी आढळले. त्याचे विवेचन खाली केले आहे.

पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात असा इशारा दिला होता, की जंतू मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत औषध दिल्यास ते त्या औषधाला सरावतात. हेच तत्त्व जंतुनाशकांनाही लागू पडते का, हा प्रश्न त्यानंतरच्या दशकांत पुढे आला.

जंतुनाशके आणि प्रतिजैविके यांतील फरक

प्रतिजैविक बहुधा जिवाणूच्या एखाद्याच नेमक्या घटकावर आघात करते. पेनिसिलीन पेशीभित्तिकेची बांधणी अडवते, तर सिप्रोफ्लॉक्सॅसीन डीएनएची गुंडाळी सोडवणाऱ्या एंझाइमाला रोखते. त्या घटकात लहानसा बदल झाला, तरी औषध निष्प्रभ होऊ शकते. जंतुनाशके सामान्यतः एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करतात. अल्कोहोल प्रथिनांची रचना विस्कटते व पेशीपटल विरघळवते. क्लोरीन व हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीतील अनेक घटकांचे ऑक्सिडीकरण करतात. क्वाटर्नरी अमोनियम संयुगे धनभारित असतात. ती जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात आणि पेशीपटल फाडतात.

अनेक अंगांनी होणाऱ्या अशा हल्ल्यापासून एखाद्या उत्परिवर्तनाच्या बळावर बचाव करणे जिवाणूला अवघड असते. त्यामुळे जंतुनाशकांना प्रतिरोध निर्माण होणार नाही, असा समज बराच काळ होता. शिफारस केलेल्या संहतीत व पुरेसा वेळ वापर झाला, तर तो समज आजही बव्हंशी खरा ठरतो. संहती घटली की चित्र पालटते. अल्प संहतीत काही जंतुनाशके एखाद्याच घटकावर परिणाम करतात किंवा केवळ पेशीपटलाला त्रास देतात. अशा वेळी त्यांचे वर्तन प्रतिजैविकांसारखे होते.

प्रतिरोध निर्माण होण्याच्या पद्धती

काही जिवाणूंना जंतुनाशकांपासून निसर्गतःच संरक्षण असते. बीजाणू, क्षयजंतूंचे मेणासारखे आवरण आणि ग्रॅम-ऋण जिवाणूंचे बाह्यपटल ही त्याची उदाहरणे होत. मोरी, नळ, उपकरणांच्या नळ्या अशा ओल्या जागी जिवाणू चिकट थर करून राहतात. त्याला जैवपटल म्हणतात. या थराच्या आतल्या भागात रसायन पुरेसे पोहोचत नाही. या नैसर्गिक संरक्षणाखेरीज, प्रतिजैविकांशी संबंध जोडणाऱ्या पुढील पद्धती अभ्यासकांनी वर्णन केल्या आहेत.

१. समान पंप : अनेक जिवाणूंच्या पेशीपटलात विषारी द्रव्ये बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप असतात. एकच पंप जंतुनाशक आणि प्रतिजैविक अशी दोन्ही द्रव्ये बाहेर टाकू शकतो. जंतुनाशकाच्या त्रासामुळे ज्या जिवाणूत असे पंप अधिक बनतात, तो जिवाणू प्रतिजैविकालाही पुरून उरतो.

२. समान लक्ष्य : जंतुनाशक आणि औषध एकाच एंझाइमावर काम करत असतील, तर त्या एंझाइमातील एकच बदल दोघांनाही निष्फळ ठरवू शकतो.

३. पेशीपटलातील बदल : धनभारित जंतुनाशक चिकटू नये, यासाठी जिवाणू आपल्या पृष्ठभागाचा ऋणभार कमी करतो. कोलिस्टीनसारखी औषधेही धनभारित असल्यामुळे त्यांचाही प्रभाव त्यामुळे घटतो.

४. जनुकांचा सहवास : जंतुनाशकापासून वाचवणारे आणि प्रतिजैविकापासून वाचवणारे असे दोन वेगळे जनुक एकाच प्लाझ्मिडावर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, असू शकतात. अशा वेळी जंतुनाशकाच्या वापराने पहिल्या जनुकाची निवड होते आणि दुसरा त्याच्यासोबत टिकून राहतो. प्रतिजैविक वापरले नसतानाही प्रतिजैविक-प्रतिरोध पसरण्याची वाट यामुळे खुली होते.

५. जनुकांच्या देवघेवीस चालना : काही जंतुनाशकांच्या अल्प संहतीमुळे जिवाणूंमधील उत्परिवर्तनाचा किंवा प्लाझ्मिडांच्या देवघेवीचा वेग वाढतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

चौथ्या पद्धतीचे बहुचर्चित उदाहरण ‘वर्ग १ इंटिग्रॉन’ या जनुकीय तुकड्याचे आहे. रुग्णांपासून मिळालेल्या अनेक ग्रॅम-ऋण जिवाणूंत हा तुकडा असतो. त्याच्या एका टोकाला क्वाटर्नरी अमोनियम संयुगांविरुद्धच्या ‘क्यूएसी-ई’ या जनुकाचे अर्धवट तुटलेले रूप आणि त्यालगत सल्फा औषधांविरुद्धचा ‘एसयूएल-१’ हा जनुक असतो. १९३५ मध्ये डोमाक यांनी पुढे आणलेल्या दोन्ही अस्त्रांचे उत्तर जिवाणूंनी अशा रीतीने एकाच ठिकाणी जपलेले दिसते. प्रतिजैविकांचा वापर सर्वत्र सुरू होण्यापूर्वीच क्वाटर्नरी अमोनियम संयुगांच्या वापरामुळे या इंटिग्रॉनच्या प्रसाराला हातभार लागला असावा, असे गृहीतक ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ मध्ये मांडले. क्यूएसी-ई जनुकाचे तुटलेले रूप दुबळे असल्यामुळे आज त्यापासून जिवाणूला मिळणारे संरक्षण मात्र मर्यादित आहे.

अल्प संहतीचा प्रश्न

जंतुनाशकाच्या बाटलीतील द्रव आणि प्रत्यक्ष जंतूपर्यंत पोहोचणारा द्रव यांत मोठा फरक असतो. वापरायोग्य द्रवात ०.१ टक्का बेंझाल्कोनियम क्लोराइड असेल, तर एका लिटरमध्ये ते १००० मिलिग्रॅम भरते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या प्रतिरोधी जनुक असलेल्या वाणांचीही वाढ सामान्यतः दर लिटरला काही मिलिग्रॅम इतक्या संहतीत थांबते. म्हणजे मूळ द्रवापुढे प्रतिरोधी व अप्रतिरोधी असा भेद उरत नाही आणि दोन्ही मरतात. हाच द्रव मोरीतून वाहताना शंभरपट पाण्यात मिसळला, तर संहती दर लिटरला १० मिलिग्रॅम होते आणि हजारपट पाण्यात मिसळला तर १ मिलिग्रॅम होते. या पट्ट्यात दुर्बल जंतू मरतात आणि पंप बाळगणारे वाचतात. निवडीचा दाब येथे निर्माण होतो.

संहती घटण्याची इतरही कारणे आहेत. क्वाटर्नरी अमोनियम संयुगे सुती फडक्याच्या धाग्यांना चिकटतात, त्यामुळे बादलीतील द्रवात त्यांचे प्रमाण कमी होते. साबण ऋणभारित असल्यामुळे तो या संयुगांना निष्क्रिय करतो. कठीण पाणी, माती, रक्त आणि अन्नाचे कण यांमुळेही प्रभाव घटतो. क्लोरीन सेंद्रिय मळाशी संयोग पावून झपाट्याने संपतो. टोपणाने न मोजता अंदाजे ओतलेला द्रव, एकच बादली सबंध घरासाठी वापरणे, द्रव लावताच लगेच कोरडे पुसून टाकणे या सवयींमुळे जंतूंना मिळणारी मात्रा आणखी खालावते.

बर्लिन येथील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ई. कोलाय जिवाणूंवर बेंझाल्कोनियम क्लोराइडचा ठराविक काळाने पुनःपुन्हा मारा केला. जिवाणूंच्या समूहातील थोडे सुप्तवत जंतू प्रत्येक वेळी वाचले आणि त्यांच्या वंशजांत अल्पावधीतच सहनशीलता रुजली. रोजच्या स्वच्छतेचे चक्रही नेमके असेच असल्यामुळे या प्रयोगाची दखल घेतली गेली.

प्रमुख रसायने

ट्रायक्लोसान : साबण, टूथपेस्ट व सौंदर्यप्रसाधने यांत हे रसायन वर्षानुवर्षे वापरले गेले. ते पेशीपटल सरसकट फाडते, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की ट्रायक्लोसान जिवाणूतील मेदाम्ले बनवणाऱ्या ‘फॅब-आय’ या एका विशिष्ट एंझाइमावर काम करते. क्षयजंतूतील ‘इन्ह-ए’ हे याच प्रकारचे एंझाइम आयसोनियाझिड या क्षयरोगावरील औषधाचे लक्ष्य आहे. क्षयजंतूच्या एका सगोत्र जिवाणूत ट्रायक्लोसानला दाद न देणाऱ्या उत्परिवर्तितांपैकी काही आयसोनियाझिडलाही प्रतिरोधी आढळले. रुग्णांमधील आयसोनियाझिड-प्रतिरोध मात्र बहुतांशी वेगळ्या जनुकातील बदलामुळे उद्भवतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्यूडोमोनास एरुजिनोझा या जिवाणूला ट्रायक्लोसानच्या सान्निध्यात ठेवले असता एक पंप अतिरिक्त प्रमाणात बनवणारे जिवाणू निवडले गेले. त्यांना रोखण्यासाठी पूर्वीपेक्षा ९४ पटींपर्यंत अधिक सिप्रोफ्लॉक्सॅसीन लागले.

क्वाटर्नरी अमोनियम संयुगे : फरशी पुसण्याचे अनेक द्रव, ओले रुमाल आणि रुग्णालयीन द्रव यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड, सेट्रिमाइड इत्यादी संयुगे असतात. ती सहज उडून जात नाहीत. गाळ व चिकणमाती यांना ती चिकटून राहतात. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नदीच्या गाळातील जिवाणूसमूह बेंझाल्कोनियमच्या संपर्कात दीर्घकाळ ठेवला, तेव्हा काही प्रतिजैविकांचा त्यावरील प्रभाव कमी झाला. अन्नप्रक्रिया कारखान्यांत वर्षानुवर्षे तग धरणाऱ्या लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स या जिवाणूच्या काही वाणांतही या संयुगांविरुद्धचे जनुक सापडले आहेत.

क्लोरहेक्सिडीन : शस्त्रक्रियेपूर्वी त्वचा स्वच्छ करणे, अतिदक्षता विभागातील रुग्णांचे अंग पुसणे, गुळण्या इत्यादींसाठी ते वापरतात. इंग्लंडमधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की क्लेबसिएला न्यूमोनिए या जिवाणूला हळूहळू वाढत्या क्लोरहेक्सिडीनची सवय लावली असता त्याचे काही वाण कोलिस्टीनलाही प्रतिरोधी बनतात. इतर औषधे हरल्यावर शेवटचा उपाय म्हणून कोलिस्टीन दिले जात असल्यामुळे हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरला.

अल्कोहोल : ते वेगाने काम करते आणि उडून जाते, मागे अवशेष उरत नाही. म्हणून निवडीचा दाब निर्माण करण्याची त्याची शक्यता कमी मानली जाते. तथापि, मेलबर्न येथील दोन रुग्णालयांतून १९९७ ते २०१५ या काळात गोळा केलेल्या एंटेरोकॉकस फीसियम या जिवाणूच्या १३९ नमुन्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०१० नंतरचे नमुने आधीच्या नमुन्यांपेक्षा सुमारे दहापट सहनशील आढळले. ही तुलना २३ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात केली होती. हातांसाठी ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल वापरतात, त्यामुळे हातांच्या स्वच्छतेचे महत्त्व या अभ्यासाने कमी होत नाही. मात्र प्रमाण कमी असलेला किंवा थेंबभर घेतलेला सॅनिटायझर अपुरा पडू शकतो, हे त्यावरून कळते.

ग्लुटाराल्डिहाइड : उष्णता न सोसणाऱ्या दुर्बिणी व उपकरणे यांसाठी हे रसायन वापरतात. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो राज्यात ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या काळात ६३ रुग्णालयांत दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियांनंतर हजाराहून अधिक संशयित रुग्णांना मायकोबॅक्टेरियम गटातील जिवाणूचा संसर्ग झाला. त्या जिवाणूचा वाण २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडला सहनशील असल्याचे दिसून आले. वापरायोग्य संहतीलाही न जुमानणाऱ्या जिवाणूचे हे दुर्मीळ पण ठळक उदाहरण आहे.

क्लोरीन : पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात क्लोरीनला पर्याय देणे कठीण आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत वापरली जाणारी ‘टीसीएल पावडर’ म्हणजे ब्लीचिंग पावडरच होय. ताज्या भुकटीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. उघड्यावर किंवा दमट जागी साठवल्यास तो घटत जातो. भारतीय मानकानुसार ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन असावा लागतो. क्लोरिनीकरणाने जिवाणूंची एकूण संख्या घटते. परंतु उरलेल्यांत प्रतिरोधी जनुकांचे सापेक्ष प्रमाण वाढल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. कॉलरा व विषमज्वर यांपासून मिळणारे संरक्षण लक्षात घेता, या निष्कर्षावरून क्लोरिनीकरण थांबवण्याची सूचना कोणीही केलेली नाही. भुकटी जुनी नसावी, मात्रा अचूक असावी आणि अवशिष्ट क्लोरीन नियमित तपासला जावा, हाच त्यावरील उपाय ठरतो.

कोविड-१९ महामारीतील वापर

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे जंतुनाशकांचा खप जगभर वाढला. भारतातील अनेक शहरांत रस्त्यांवर व इमारतींवर सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी झाली. बाजारपेठा व कार्यालये यांच्या दारांशी फवाऱ्याचे बोगदेही उभारण्यात आले. माणसांवर जंतुनाशक फवारणे शारीरिक व मानसिक दृष्ट्या अपायकारक असल्याची सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये काढली. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२० मध्ये रस्ते व मोकळ्या जागा यांवरील फवारणीची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. धूळ व मळ यांमुळे रसायन निष्क्रिय होते आणि सर्व पृष्ठभागांना पुरेसा संपर्ककाळ मिळत नाही, ही त्यामागची कारणे होती. हा रोग प्रामुख्याने श्वसनमार्गाने पसरतो, हे पुढे अधिकाधिक स्पष्ट होत गेले.

या काळात क्वाटर्नरी अमोनियम संयुगांचा वापर विशेष वाढला. अमेरिकेतील इंडियाना राज्यात घरांतील धुळीच्या नमुन्यांत या संयुगांचे प्रमाण महामारीपूर्व नमुन्यांपेक्षा अधिक आढळले. विषाणूला मारण्यासाठी वापरलेल्या या रसायनांचे अवशेष घरातील व सांडपाण्यातील जिवाणूंच्या संपर्कात येतात. या कारणासाठी महामारीनंतर या विषयाच्या संशोधनाला वेग आला.

पुराव्याच्या मर्यादा

वर दिलेले बरेच निष्कर्ष प्रयोगशाळेतील आहेत. तेथे एकाच जातीचा जिवाणू मोजक्या रसायनात अनेक पिढ्या वाढवला जातो. निसर्गात शेकडो जाती परस्परांशी स्पर्धा करतात. प्रतिरोधी बनलेला जिवाणू पुष्कळदा संथ वाढतो आणि रसायन दूर होताच मागे पडतो. मोरीतील जिवाणूसमूहाची प्रतिकृती बनवून त्यावर क्वाटर्नरी अमोनियमयुक्त द्रव दीर्घकाळ वापरण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, औषधांविषयीच्या संवेदनशीलतेत सार्वत्रिक घट आढळली नाही. न्यूयॉर्क शहरातील दोनशेहून अधिक कुटुंबांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जंतुरोधक उत्पादने वर्षभर वापरणाऱ्या घरांतील व्यक्तींच्या हातांवर औषधप्रतिरोधी जिवाणूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढलेले दिसले नाही. एक वर्षाचा काळ अपुरा असू शकतो, असेही संशोधकांनी नमूद केले.

जंतुनाशकांचा प्रत्यक्ष लाभ मात्र मोजता आलेला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत अतिदक्षता विभागातील सर्व रुग्णांचे अंग क्लोरहेक्सिडीनने पुसले गेले आणि नाकात म्युपिरोसीन हे मलम लावले गेले. त्यामुळे रक्तातील जंतुसंसर्ग ४४ टक्क्यांनी घटला. टळलेला प्रत्येक संसर्ग म्हणजे टळलेले प्रतिजैविक होय. या अर्थाने, योग्य ठिकाणी वापरलेले जंतुनाशक औषधप्रतिरोधाला आळाच घालते. क्लोरहेक्सिडीनमुळे प्रयोगनळीत उद्भवणारा प्रतिरोध आणि रुग्णाच्या अंगावर त्याच रसायनाने टळणारा संसर्ग ही दोन्ही तथ्ये एकत्र विचारात घ्यावी लागतात.

नियमन

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसान व ट्रायक्लोकार्बान यांसह १९ द्रव्ये असलेले घरगुती जंतुरोधक साबण विकण्यास मनाई केली. साधा साबण व पाणी यांपेक्षा ते अधिक परिणामकारक आहेत आणि दीर्घकालीन वापरास सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही, असे कारण देण्यात आले. युरोपीय संघाच्या २०१२ च्या जीवनाशक उत्पादनविषयक नियमावलीनुसार, मान्यता देताना लक्ष्य जीवांत अस्वीकार्य प्रतिरोध निर्माण होणार नाही, हे पाहावे लागते. २०१७ मध्ये दोनशेहून अधिक वैज्ञानिक व वैद्यकीय तज्ज्ञांनी ट्रायक्लोसान व ट्रायक्लोकार्बान यांचा वापर मर्यादित करण्याची मागणी करणारे फ्लॉरेन्स निवेदन प्रसिद्ध केले. भारतात जंतुनाशक द्रवांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील नियमांनुसार होते.

योग्य वापराची तत्त्वे

औषधप्रतिरोधाचा धोका कमी ठेवून जंतुनाशकांचा लाभ मिळवण्यासाठी पुढील तत्त्वे सर्वसाधारणपणे मान्य आहेत :

• निरोगी माणसांच्या घरी हात, भांडी व फरशी यांसाठी साबण किंवा साधे धुण्याचे द्रव्य व पाणी बहुधा पुरेसे असते. साबण जंतूंना मुख्यतः धुऊन काढतो.

• आजारी व्यक्तीची खोली, शौचालय, उलटी, रक्त अशा प्रसंगी जंतुनाशक वापरणे योग्य असते. त्याआधी मळ धुऊन काढणे आवश्यक असते आणि साबणाचा अंश राहू देऊ नये.

• द्रवाचे प्रमाण वेष्टनावरील सूचनेप्रमाणे मोजून घ्यावे लागते. तेथे दिलेला संपर्ककाळ पूर्ण होईपर्यंत पृष्ठभाग ओला राहावा लागतो.

• अल्कोहोल, क्लोरीन व हायड्रोजन पेरॉक्साइड ही लवकर विघटन पावणारी किंवा उडून जाणारी रसायने जेथे पुरेशी आहेत, तेथे दीर्घकाळ अवशेष ठेवणारी रसायने टाळणे श्रेयस्कर मानले जाते.

• अर्धवट रिकाम्या बाटलीत नवा द्रव ओतू नये. अशा बाटल्यांत स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया इत्यादी जिवाणू वाढून रुग्णालयांत संसर्ग पसरल्याची उदाहरणे आहेत.

• क्लोरीनयुक्त द्रव आम्लयुक्त शौचालय-स्वच्छकात मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

• साबण, कपडे, खेळणी यांवरील ‘जंतुरोधक’ या शब्दाने आजाराचे प्रमाण घटते, असे गृहीत धरता येत नाही.

रुग्णालयांत या तत्त्वांना अधिक काटेकोर रूप द्यावे लागते. तेथे उपकरणाचा शरीराशी संबंध किती खोलवर येतो, यावरून स्वच्छता, निर्जंतुकीकरण किंवा त्यामधील पायरी निवडली जाते. शक्य तेथे रसायनाऐवजी दाबयुक्त वाफेचा उपयोग करतात, कारण ठरलेले तापमान व वेळ पाळल्यास वाफेला प्रतिरोध निर्माण झाल्याचे आढळलेले नाही. सांडपाण्यात मिसळणाऱ्या जंतुनाशकांची नियमित मोजणी आणि रुग्णांपासून मिळालेल्या जिवाणूंची प्रतिजैविकांबरोबरच जंतुनाशकांविषयीही तपासणी व्हावी, असे अभ्यासक सुचवतात. प्रतिजैविकांसाठी अशी तपासणी प्रयोगशाळांत रोज होते. जंतुनाशकांसाठी मात्र प्रतिरोधाची सीमा कोणत्या संहतीला मानावी, यावर अद्याप सर्वमान्य मापदंड ठरलेला नाही.